विश्लेषण : क्वांटम संगणकाआधी हवा अतिथंड फ्रिज! भारत या शर्यतीत कुठे आहे?

रिठद असो वा रिसोड, गायी-म्हशी पाळणाऱ्यांना अतिथंड तंत्रज्ञान अगदीच अनोळखी नाही. कृत्रिम रेतनासाठी पशुवैद्यक ज्या रेतमात्रा आणतात, त्या द्रवरूप नायट्रोजनच्या कंटेनरमध्ये उणे १९६ अंश सेल्सिअसला ठेवलेल्या असतात. झाकण उघडले की पांढरे वाफारे बाहेर पडतात. क्वांटम संगणकाच्या चिपला मात्र ही थंडीही भट्टीसारखी वाटेल. तिला लागते निरपेक्ष शून्याच्या, म्हणजे उणे २७३.१५ अंशांच्या, अगदी जवळचे तापमान. ते निर्माण करणारी यंत्रे जगात मोजक्याच कंपन्या बनवतात. ६,००३ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय क्वांटम मिशनपुढचा हा एक कळीचा प्रश्न आहे.

इतकी थंडी कशासाठी?

नेहमीच्या संगणकात माहितीचा एकक ‘बिट’ असतो, क्वांटम संगणकात ‘क्युबिट’. क्युबिट बनवण्याच्या अनेक पद्धती आहेत. त्यांपैकी अतिवाहक क्युबिट म्हणजे चिपवर कोरलेले बारीक विद्युत मंडल. ते बहुधा अ‍ॅल्युमिनियमचे असते. अ‍ॅल्युमिनियम १.२ केल्विनखाली अतिवाहक होते, म्हणजे त्यातून वीज कोणत्याही रोधाविना वाहते. मग तेवढ्यावर का भागत नाही?

कारण हे क्युबिट साधारण ५ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरींवर चालतात. तुमच्या मोबाइलचे वाय-फायही याच पट्ट्यात चालते. या लहरीच्या एका कणाची ऊर्जा फार थोडी, जेमतेम पाव केल्विन उष्णतेएवढी असते. परिसर त्याहून गरम असेल, तर उष्णतेचा गोंगाटच क्युबिटची अवस्था बदलून टाकतो आणि गणित बिघडते. म्हणून चिप १० ते २० मिलिकेल्विनला ठेवावी लागते. अंतराळाचे सरासरी तापमान २.७ केल्विन आहे. म्हणजे ही चिप अंतराळाहून शंभरपटीपेक्षा अधिक थंड असते.

हा फ्रिज चालतो कसा?

त्याचे नाव ‘डायल्युशन रेफ्रिजरेटर’. छायाचित्रात दिसणारे सोनेरी झुंबर म्हणजे या फ्रिजचाच आतला भाग. त्यात एकाखाली एक चकत्या असतात आणि प्रत्येक खालची चकती वरचीपेक्षा थंड असते. सर्वांत खाली चिप बसते.

तत्त्व समजायला माठ आठवावा. माठाच्या अंगावरचे पाणी वाफ होऊन उडताना उष्णता घेऊन जाते आणि आतले पाणी गार होते. द्रवरूप हेलियमही असेच थंड करता येते. पण तापमान फार खाली गेले की वाफ होणेच जवळपास थांबते. इथे हेलियमचे दोन प्रकार कामी येतात, हेलियम-४ आणि दुर्मीळ हेलियम-३. त्यांचे मिश्रण ०.८७ केल्विनखाली नेले की त्याचे दोन थर होतात. वरच्या थरात मुख्यतः हेलियम-३ असतो, खालच्यात हेलियम-४. खालच्या थरात मात्र, कितीही थंड केले तरी, सहा टक्क्यांहून थोडा अधिक हेलियम-३ विरघळलेला राहतो. तो पंपाने खेचून घेतला की वरच्या थरातला हेलियम-३ त्याची जागा घ्यायला खाली उतरतो आणि उतरताना उष्णता शोषतो. खेचलेला वायू पुन्हा आत सोडला जातो, त्यामुळे थंडीचे हे चक्र महिनोन्‌महिने चालू ठेवता येते.

महाराष्ट्रात काय घडले आहे?

कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत (टीआयएफआर) अतिशीत तापमानाच्या संशोधनाची जुनी परंपरा आहे. प्रा. एस. रामकृष्णन यांच्या गटाने तिथे उभारलेल्या यंत्रणेवर बिस्मथ हा धातू ०.५३ मिलिकेल्विनखाली अतिवाहक होतो, हे दाखवले. डिसेंबर २०१६ मध्ये हे संशोधन ‘सायन्स’ या नियतकालिकाने प्रसिद्ध केले. प्रचलित सिद्धान्तानुसार असे घडणे अपेक्षितच नव्हते. एवढी थंडी मुंबईत निर्माण करता आली, म्हणूनच हा शोध मुंबईत लागला.

त्याच संस्थेत प्रा. आर. विजयराघवन यांचा गट अतिवाहक क्युबिट बनवतो. त्यांनी पीएच.डी. केली ती येल विद्यापीठात मिशेल डेव्होरे यांच्याकडे. डेव्होरे हे २०२५ च्या भौतिकशास्त्राच्या नोबेलचे एक मानकरी. ऑगस्ट २०२४ मध्ये टीआयएफआर, ‘डीआरडीओ’ची पुण्यातील क्वांटम तंत्रज्ञान प्रयोगशाळा आणि टीसीएस यांनी ६ क्युबिटच्या प्रोसेसरची चाचणी पूर्ण केल्याचे जाहीर झाले. क्युबिटची रचना आणि निर्मिती टीआयएफआरची, नियंत्रण यंत्रणा पुण्याची, तर क्लाउडवरून तो वापरण्याची सोय टीसीएसची.

मग घोडे अडते कुठे?

चिप देशी झाली, तरी तिला थंड करणाऱ्या यंत्रांच्या बाजारात फिनलंड, ब्रिटन आणि नेदरलँड्समधील कंपन्यांचे वर्चस्व आहे. एका यंत्राची किंमत काही कोटी रुपयांत जाते. सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेने क्वांटम संगणक आणि त्यांना लागणाऱ्या शक्तिशाली अतिशीत यंत्रणांना निर्यात नियंत्रणाच्या यादीत टाकले. आज मिळणारे यंत्र उद्या मिळेलच, याची खात्री त्यामुळे राहिलेली नाही.

दुसरी अडचण हेलियमची. सूर्यावरील या वायूची पिवळी रेषा १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात भारतातूनच टिपली गेली. त्या स्मरणार्थ विजयदुर्गावर दरवर्षी हेलियम दिन साजरा होतो. पण आज हेलियमसाठी आपली भिस्त आयातीवर आहे. २०१७ मध्ये शेजारी देशांनी कतारची नाकेबंदी केली, तेव्हा तिथले हेलियमचे कारखाने काही काळ बंद पडले आणि जगभरच्या प्रयोगशाळांना घोर लागला होता.

हेलियम-३ तर त्याहून दुर्मीळ. तो मिळतो ट्रिटियमच्या क्षयातून, आणि ट्रिटियमचा संबंध थेट अण्वस्त्रांशी असल्याने त्याचे साठे सरकारांच्या हातात असतात. जड पाण्यावर चालणाऱ्या अणुभट्ट्यांतही ट्रिटियम साठते. तारापूरच्या ३ आणि ४ क्रमांकाच्या अणुभट्ट्या याच प्रकारच्या. कॅनडा अशा जड पाण्यातून ट्रिटियम वेगळे काढतो.

क्युबिट वाढवायचे तर?

मिशनचे उद्दिष्ट आठ वर्षांत ५० ते १,००० क्युबिटचे संगणक तयार करण्याचे आहे. पण क्युबिट वाढले की तारा वाढतात आणि प्रत्येक तार बाहेरची उष्णता आत आणते. सर्वांत खालच्या चकतीची उष्णता खेचण्याची क्षमता काही मायक्रोवॅट, म्हणजे वॅटच्या काही दशलक्षांश भागांइतकीच असते. त्यामुळे मोठा संगणक म्हणजे मोठा फ्रिज, शिवाय कमी उष्णता वाहणाऱ्या तारा, अतिथंडीत चालणारे अ‍ॅम्प्लिफायर आणि गळती न होणारे पंपही. देशी उद्योगाला शिरकाव करायला जागा आहे ती या सुट्या भागांत.

सामान्यांना याचा उपयोग काय?

आज तरी थेट काहीच नाही. ६ क्युबिटचे गणित तुमचा मोबाइलही सहज करेल. आयबीएमने डिसेंबर २०२३ मध्येच १,१२१ क्युबिटची चिप जाहीर केली होती, पण तीही रोजच्या कामाची नव्हती. पुरेसा मोठा आणि बिनचूक क्वांटम संगणक झाला, तर नवी औषधे, खते, बॅटरीसाठीचे पदार्थ शोधणे सोपे होईल. आजची काही सांकेतिक कुलुपे मात्र तोडता येतील आणि त्यात बँकेच्या व्यवहारांचाही समावेश आहे.

तयार यंत्र आणून संशोधन लवकर सुरू करता येते आणि आज ते करावेच लागेल. पण गळती शोधणारा, वायू परत साठवणारा, बिघडलेला पंप रात्री दोनला दुरुस्त करणारा तंत्रज्ञ यंत्राच्या खोक्यातून येत नाही. असा माणूस घडायला वर्षे लागतात. मिशनची मुदत मात्र २०३१ मध्ये संपते.