लुना, पालक आणि जाऊबाईंचा पान्हा

श्रावणात चार दिवस सासरच्या गावी जाऊन आले. आम्ही बुलढाण्याला, म्हणजे घाटावर राहणारी माणसं. ‘घाटाखाली जायचं’ म्हटलं की आधी घामच आठवतो! बोथ्याच्या घाटातून, ज्ञानगंगेच्या जंगलातून एस.टी. खाली उतरते. मग खामगाव, शेगाव, आणि पूर्णेचा पूल ओलांडला की संग्रामपूर तालुका. फाट्यावर उतरायचं आणि तिथून गाव चार किलोमीटर आत.

एरवी मला न्यायला माझे भासरे येत. या वेळी फाट्यावर लुना घेऊन उभ्या होत्या थोरल्या जाऊबाई. पदर कमरेला घट्ट खोचलेला, डोक्यावर हेल्मेट. (ती गाडी खरं तर लुना नव्हेच, पण आमच्याकडे पायडल असलेली कुठलीही गाडी म्हणजे लुना. १९७२ साली लुना बाजारात आली आणि तिनं आपलं नाव सगळ्याच तशा गाड्यांना देऊन टाकलं.)

“बस वं बाई, घट्ट धर,” एवढं म्हणून त्यांनी गाडी काढली. अर्ध्या वाटेत ती थांबली. रात्री पाऊस झालेला, त्यात आमची काळी माती. चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये चिखल गच्च बसून चाक फिरेना. मी इकडेतिकडे पाहू लागले, कोणी पुरुष माणूस दिसतोय का म्हणून. जाऊबाईंनी तोवर गाडी बंद करून स्टँडवर लावली, हँडलला बांधलेली बाभळीची काठी सोडली आणि चिखल उकरून काढला. तरी गाडी सुरू होईना. मग पिशवीतून पान्हा निघाला. प्लग काढून फडक्यानं कोरडा पुसला, बारीक पत्रीनं घासला, पुन्हा बसवला. दोन पायडल मारले आणि फट् फट् करीत गाडी चालू! मी आपली हातात पिशव्या धरून नुसती बघत उभी.

“हे कुठं शिकलात?” मी विचारलं.

“शिकावं लागलं,” त्या म्हणाल्या.

का लागलं, ते घरी गेल्यावर कळलं. तसं कानावर होतं, पण जवळून पाहिलं नव्हतं. भासऱ्यांची मूत्रपिंडं निकामी झाली आहेत. आठवड्यातून दोनदा शेगावला डायलिसिस. पूर्णेच्या दोन्ही काठांना अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांतून जो खारपाण पट्टा जातो, त्यातलं हे गाव. बोअरचं पाणी तोंडात धरवत नाही. या पट्ट्यात मूत्रपिंडाचे रोगी फार, हे तिथल्या कुणालाही विचारा. वाण धरणावरच्या योजनेचं गोडं पाणी नळाला येतं, पण रोज नाही. त्यामुळे प्यायचं पाणी वेगळं, वापरायचं वेगळं, अशी घरात दोन मडकी, दोन टाक्या.

डायलिसिसला जायचं तर सकाळची एस.टी. फाट्यावरून पकडायची. मागच्या वर्षी आषाढात एका सकाळी गाडी सुरूच झाली नाही. शेजारचा मुलगा वावरात गेलेला, रस्त्यावर चिखल, एस.टी. निघून गेली. ‘एक दिवस उशीर झाला तर काय होतं’ असं घरात सगळे म्हणाले. रात्री भासऱ्यांचे पाय सुजले, श्वास लागेना. मध्यरात्री जीप करून न्यावं लागलं. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, “सकाळी का नाही आणलं?” काय सांगणार? प्लग ओला झाला होता म्हणून?

“त्या राती ठरवलं,” जाऊबाई सांगत होत्या, “का आता या गाडीसाठी कोनाच्या दारात जायचं नाही.”

बाजारच्या गावी एका गॅरेजात गेल्या, तर उत्तर मिळालं, “तुम्ही कशाला? घरच्या माणसाला पाठवा.” घरचा माणूस खाटेवर! शेवटी फाट्यावरच्या पंक्चरवाल्या म्हाताऱ्यानं शिकवलं. चार शनिवार जाऊबाई त्याच्या टपरीपुढच्या दगडावर बसल्या. गुरुदक्षिणा म्हणून दर वेळी पालकाच्या दोन जुड्या. लायसन्सचं काम मात्र आम्ही केलं. तेवढीच आमची मदत.

“भीती नाही वाटली?”

“भ्याव कायचं? माहेरी बापाच्या बंडीले ओंगण द्यायचं काम माह्याकडंच होतं. आख काय अन् चेन काय, तेल मागतेच.”

मैत्रिणींनो, हे ऐकलं आणि मला हसूही आलं, वाईटही वाटलं. ज्या मुलीनं बंडीच्या चाकाला वंगण दिलं, तिला लग्नानंतर तीस वर्षं कुणी साधा पान्हा हातात दिला नाही. आणि तिनं मागितलाही नाही.

त्यांचा दिवस पहाटे पाचला सुरू होतो. आधी परसबाग. खाऱ्या पाण्यावर बाग करणं हे सोपं काम नव्हे. वाफ्याच्या कडेला मिठासारखा पांढरा थर येतो. तो खुरप्यानं खरवडून बाहेर टाकायचा. आपल्याकडे चुलीतली राख झाडांना घालायची सवय असते, तिथं ती घालत नाहीत. जमीन आधीच खारट-चोपण, राखेनं आणखी बिघडते. त्याऐवजी शेणखत आणि झाडांच्या बुडाशी पालापाचोळ्याचं जाड आच्छादन, म्हणजे ऊन लागून खार वर येत नाही. पालक आणि बीट हे पाणी सोसतात. मिरची, घेवडा सोसत नाहीत. त्यांच्यासाठी टिनाच्या छपरावरचं पावसाचं पाणी ड्रममध्ये धरून ठेवलेलं.

आणि गंमत पाहा, बागेत सगळ्यात छान येतो तो पालक, आणि भासऱ्यांना पालकच चालत नाही. पालेभाज्यांतलं पोटॅशियम डायलिसिसच्या रोग्याला जड. मग पालक विकायचा, आणि पावसाच्या पाण्यावर दुधी आणि दोडका त्यांच्यापुरता वाढवायचा. त्याच्याही फोडी भरपूर पाण्यात उकळून पाणी ओतून द्यायचं. दवाखान्यातून मिळालेला पथ्याचा कागद स्वयंपाकघरात देवाच्या तसबिरीशेजारी लावलेला आहे.

बाग झाली की दहा मिनिटं गाडीला. चाकाची हवा अंगठ्यानं दाबून पाहायची, ब्रेक पाहायचा, पेट्रोल पाहायचं. याच वेळी पुतणी आपली सायकल पुसते. ती नववीत आहे. मागास तालुक्यांत आठवी ते बारावीच्या मुलींना मानव विकास योजनेतून सायकली मिळतात, तशी तिलाही मिळाली. पण वाटेवर वेड्या बाभळीचे काटे! पंक्चर झालं की ‘आज शाळा राहू दे’, आणि असे दिवस महिन्यात चार-पाच. आता आईनं तिलाही पंक्चर काढायला शिकवलं आहे. शाळेतल्या मैत्रिणींचीही काढून देते, असं कळलं. वर्गात तिला ‘मेकॅनिक’ म्हणतात. तिला ते आवडतं.

जाऊबाईंकडून मी लिहून आणलेल्या काही गोष्टी तुमच्यासाठी देते:

• प्लग गाडी गार असतानाच काढावा. कोरडा पुसून बारीक पत्रीनं घासावा. एक जादा प्लग आणि पान्हा गाडीतच ठेवावा.

• चेनला रॉकेलच्या फडक्यानं पुसून तेल द्यावं, पण गाडी बंद करून. चालू चेनला फडकं लावून बोटं गमावलेली माणसं आहेत.

• मागच्या चाकाला साडीगार्ड हवंच. १९८९ च्या मोटार वाहन नियमांत ते सांगितलेलं आहे. तरीही पदर आणि ओढणी खोचूनच बसावं.

• चिखल ओला असतानाच काठीनं काढावा. खाऱ्या पाण्यानं गाडी धुऊ नये, गंज चढतो. धुवावीच लागली तर नंतर गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्यानं पुसावी.

• पंक्चर काढताना ट्यूब पत्रीनं घासून सोल्युशन लावावं, ते थोडं सुकू द्यावं, मग पॅच दाबावा. ट्यूब परत घालण्याआधी टायरच्या आतून जाड फडकं फिरवून काटा शोधावा. तो राहिला तर पुढच्या वळणावर पुन्हा पंक्चर!

• भाजीवर मावा आला तर लिटरभर पाण्यात ५० ग्रॅम निंबोळीची भरड रात्रभर भिजवून, गाळून, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फवारावी.

• पेट्रोल आणि तेलकट फडकी चुलीजवळ, गॅसजवळ ठेवू नयेत.

निघायच्या दिवशी भासरे ओट्यावर बसले होते. जाऊबाई गाडी काढत होत्या. ते मला म्हणाले, “पाह्य, माही गाडी आता मले बी वळखत नाही.” बोलताना हसत होते, पण डोळे जाऊबाईंवरच होते. “आधीच शिकवाले पाह्यजे होतं मी तिले,” एवढंच पुढं म्हणाले. जाऊबाईंनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि पायडल मारलं.

घरी आले. आमची स्कूटी जिन्याखाली दोन महिने धूळ खात उभी आहे. पुढच्या चाकात हवा नाही, आणि ‘यांना’ वेळ नाही. मीही रोज तिच्या बाजूनं चालत भाजीला जाते आणि रोज यांच्यावर चिडते. त्या दिवशी मात्र पदर खोचला आणि गाडी ढकलत कोपऱ्यावरच्या दुकानात नेली. मुलगा म्हणाला, “काकू, ठेवून जा, संध्याकाळी काका येऊन नेतील.”

मी म्हटलं, “नाही रे बाबा, मी इथंच बसते. तू काय करतोस ते मला दाखव.”

त्यानं एक स्टूल पुढं सरकवलं.