घरावरची छत्री

घरातला पैसा दोन वाटांनी बाहेर जातो. एक वाट रुंद असते. बैल घेतला, लग्न काढले, की पैसा एकदम जातो. तो जाताना सगळ्या घराला दिसतो. दुसरी वाट अगदी बारीक असते. महिन्याला थोडा थोडा पैसा तिच्यातून जातो. तो कोणाच्या डोळ्यावर येत नाही. केबल टीव्हीचे पैसे या बारीक वाटेने जातात.

आपण एक हिशेब मांडून पाहू. पाटी किंवा वही जवळ घ्या.

समजा, एका घरी केबलचे महिन्याला ३०० रुपये पडतात. वर्षाचे महिने १२. म्हणजे वर्षाला ३,६०० रुपये झाले. पाच वर्षांत १८,००० रुपये झाले. तुमचा आकडा कमी असेल किंवा जास्त असेल. तो घालून हाच गुणाकार करा. मजुरीवर चालणाऱ्या घराला ही रक्कम लहान नाही.

हा पैसा वाचवता येतो. त्यासाठी घरावर एक छत्री बसवावी लागते. तिला दर महिन्याला भाडे नाही. मात्र ती बसवण्याआधी काही गोष्टी नीट समजून घेतल्या पाहिजेत.

ही छत्री कोणाची?

आपल्या देशाच्या सरकारी टीव्हीला दूरदर्शन म्हणतात. दूरदर्शनने डिसेंबर २००४ मध्ये घरोघरच्या छत्रीसाठी एक सेवा सुरू केली. तेव्हा तिचे नाव डीडी डायरेक्ट प्लस होते. आता तिला डीडी फ्री डिश म्हणतात. छत्री आणि बॉक्स एकदा विकत घ्यायचा. पुढे महिन्याचे पैसे भरायचे नाहीत, रिचार्ज करायचा नाही.

कोणी विचारील, "फुकट कसे? फुकटात तर कोणी पाणीसुद्धा देत नाही."

प्रश्न रास्त आहे. या सेवेवर दूरदर्शनचे चॅनेल असतात, तसे खासगी कंपन्यांचेही असतात. या कंपन्या लिलावात बोली लावून जागा घेतात. बाजारात ओट्यावरची जागा लिलावात घ्यावी, तसाच हा प्रकार. तो पैसा दूरदर्शनला मिळतो. कंपनी आपला पैसा जाहिरातींतून काढते. म्हणजे आपण पैसे देत नाही, पण जाहिराती पाहतो. साबणाची आणि तेलाची जाहिरात मधे मधे येते, ती यासाठीच.

जुनी काड्यांची अँटेना का चालत नाही?

पूर्वी घराच्या आढ्यावर ॲल्युमिनियमच्या काड्यांची अँटेना असे. वाऱ्याने ती फिरली की पडद्यावर मुंग्या दिसत. मग एकाने वर चढायचे, दुसऱ्याने खालून ओरडायचे, "आलं! थांब! गेलं!"

त्या अँटेनाला चित्र मिळे ते जमिनीवरच्या मनोऱ्याकडून. मुंबईचे दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. पुढे ठिकठिकाणी मनोरे उभे राहिले. परंतु या लहरी सरळ जातात. मधे डोंगर आला की पलीकडच्या गावाला चित्र मिळत नसे. दूरदर्शनने यांतले बहुतेक जुने मनोरे २०२२ पर्यंत बंद केले. म्हणून कोणी जुनी अँटेना विकायला आणली, तर घेऊ नका.

छत्रीला चित्र कोठून मिळते?

छत्रीला चित्र आकाशातून मिळते. आपल्या देशाचा जीसॅट-१५ नावाचा उपग्रह आहे. तो नोव्हेंबर २०१५ मध्ये आकाशात सोडला. तो जमिनीपासून सुमारे ३६,००० किलोमीटर उंच आहे. दूरदर्शन खालून त्याच्याकडे लहरी पाठवते. तो त्या लहरी परत खाली साऱ्या देशावर सोडतो. वरून येणाऱ्या लहरीला डोंगराची आडकाठी फारशी होत नाही. म्हणून दरीतल्या वाडीलाही चित्र मिळू शकते.

उपग्रह फिरतो, तर छत्री का फिरवावी लागत नाही? खळ्यातली मळणी आठवा. मेढीभोवती बैल फिरतात. आतला बैल लहान फेरा घेतो, बाहेरचा मोठा फेरा घेतो. तरी दोघे एकमेकांच्या बरोबरीने राहतात, कारण दोघांची फेरी एकाच वेळेत पुरी होते. पृथ्वी आणि हा उपग्रह यांचे असेच आहे. दोघांची फेरी एका दिवसाची आहे. म्हणून उपग्रह आपल्याला एकाच जागी उभा दिसल्यासारखा असतो.

इतक्या लांबून येणारी लहर फार क्षीण होते. छत्री तिला गोळा करते. नरसाळे जसे तेल गोळा करून बाटलीच्या तोंडात सोडते, तशी छत्री लहरी गोळा करून समोरच्या दांड्यावरील डबीत सोडते. या डबीला एलएनबी म्हणतात. डबीतून निघालेली वायर घरातल्या बॉक्सला येते. बॉक्स त्या लहरींचे चित्र आणि आवाज करून टीव्हीला देतो.

खेड्यात छत्रीवर टीव्ही पाहण्याचा पहिला मोठा प्रयोग १९७५-७६ साली झाला. अमेरिकेचा एक उपग्रह वर्षभरासाठी मागून घेतला होता. सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत चित्रे दिसली. महाराष्ट्र त्यांत नव्हता. तेव्हाची छत्री दहा फूट रुंद होती आणि कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तशा जाळीची केलेली होती. साऱ्या गावाला मिळून एक टीव्ही होता. आज दोन फुटांची छत्री एका घराला पुरते.

काय काय विकत घ्यावे?

चार वस्तू लागतात. छत्री, एलएनबी, वायर आणि बॉक्स. बॉक्स घेताना त्यावरची अक्षरे वाचा. एम्पेग-४ असे लिहिलेला बॉक्स घ्या. एम्पेग-२ हा जुना प्रकार आहे. तो स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. त्यावर पुष्कळ चॅनेल लागत नाहीत.

तुमचा टीव्ही जुना, पाठीमागे फुगीर असेल, तरी अडत नाही. बॉक्सबरोबर पिवळ्या, पांढऱ्या आणि लाल टोकांची वायर मिळते. ज्या रंगाचे टोक, त्या रंगाच्या भोकात घालावे. नव्या चपट्या टीव्हीला एचडीएमआय नावाची वायर लावली तर चित्र अधिक चांगले दिसते.

किंमत गावोगाव वेगळी असते. दोन दुकानांत विचारा. बसवण्याची मजुरी किंमतीत आहे की वेगळी, तेही विचारा. पक्की पावती घ्या आणि वाचून मगच खिशात घाला. समजा, मजुरीसह सगळा खर्च १,८०० रुपये आला. केबलचे महिना ३०० रुपये वाचले, तर सहा महिन्यांत खर्च भरून निघेल.

छत्री कोठे बसवावी?

सकाळी सूर्याकडे तोंड करून उभे राहा. समोर पूर्व. उजव्या हाताला दक्षिण. दोहोंच्या मधली दिशा ती आग्नेय. महाराष्ट्रातून हा उपग्रह साधारण आग्नेयेला, बराच उंच असतो. म्हणून छत्रीचे तोंड आग्नेयेकडे करतात. छत्रीची घडणच अशी असते, की ती आपल्याला वाटते त्यापेक्षा उभी दिसते. त्याची चिंता करू नये.

त्या बाजूला आंबा, फणस किंवा उंच भिंत आड येता कामा नये. झाडाची आजची उंची पाहू नका. दोन पावसाळ्यांनंतर ते किती वाढेल, तो अंदाज घ्या.

छत्री पक्क्या भिंतीवर किंवा स्लॅबवर बोल्टने आवळावी. पत्र्यावर नुसते दगड ठेवून उभी केली, तर पहिल्याच वावटळीत तिचे तोंड फिरेल. बोटभर फिरली तरी चित्र जाते. जागा ठरली की टीव्हीच्या पडद्यावर सिग्नलचा आकडा पाहून छत्री हळूहळू फिरवतात. आकडा सर्वांत मोठा झाला की बोल्ट घट्ट करतात. हे काम जाणकाराकडून करून घेतलेले बरे. पण आकडा तुम्हीही वाचा.

विजेच्या तारेजवळ छत्री कधीही लावू नका. आकाशात विजा चमकू लागल्या, की बॉक्सचा प्लग आणि छत्रीची वायर काढून ठेवा. मात्र विजा डोक्यावर आल्या असतील, तर वायरीला हात लावू नका. मुसळधार पावसात चित्र अडखळते किंवा जाते. पाण्याच्या धारा लहरींना अडवतात. पाऊस ओसरला की चित्र परत येते. त्यासाठी कोणाला बोलावून पैसे देऊ नका.

काय दिसेल आणि काय दिसणार नाही?

इथे खरे तेच सांगितले पाहिजे. केबलवर दिसणारे सगळे या छत्रीवर दिसत नाही.

दूरदर्शनची मराठी वाहिनी सह्याद्री दिसते. बातम्या दिसतात. डीडी किसान ही शेतकऱ्यांची वाहिनी दिसते. ती २६ मे २०१५ रोजी सुरू झाली. तिचे कार्यक्रम हिंदीत असतात. शाळेच्या अभ्यासाचे चॅनेलही आहेत. २०२० साली करोनामुळे शाळा बंद होत्या. तेव्हा सह्याद्रीवर मुलांसाठी टिलीमिली नावाची मालिका लागत असे. ज्या घरी मोबाईल नव्हता, त्या घरच्या मुलांना तिचा आधार झाला.

क्रिकेटचे काही मोठे सामने डीडी स्पोर्ट्सवर दिसतात. देशाच्या दृष्टीने महत्त्वाचे सामने दूरदर्शनलाही द्यावेत, असा २००७ सालचा कायदा आहे. सगळे सामने मात्र दिसत नाहीत.

खासगी मराठी आणि हिंदी चॅनेलही असतात. पण पैसे घेऊन दाखवले जाणारे मोठे चॅनेल यावर नाहीत. संध्याकाळच्या पुष्कळ लोकप्रिय मालिका त्याच चॅनेलवर असतात. शिवाय लिलाव असल्यामुळे चॅनेल येतात आणि जातात. २०१९ साली काही आवडते हिंदी चॅनेल फ्री डिश सोडून गेले. २०२० मध्ये त्यांतले काही परत आले. २०२२ मध्ये पुन्हा गेले. एखादा चॅनेल दिसेनासा झाला, तर आधी बॉक्सच्या मेनूत जाऊन चॅनेल पुन्हा शोधायला लावा. जागा बदलली असेल तर सापडेल. तरीही सापडला नाही, तर तो गेला असे समजा.

फसवणाऱ्यापासून सावध

फुकटाच्या नावावर फसवणारेही निघतात. कोणी दारात येऊन म्हणेल, "फ्री डिशचा वर्षाचा रिचार्ज भरा, नाहीतर बंद पडेल." कोणी फोनवर सांगेल, "पैसे पाठवा, जादा चॅनेल चालू करतो." दोन्ही खोटे. या सेवेला रिचार्ज नाही. खासगी कंपन्यांच्या छत्र्या वेगळ्या असतात. त्यांना महिन्याचे पैसे लागतात. म्हणून दुकानात नाव वाचून घ्या. छत्री दिसायला सारखी असली, तरी धनी वेगळा असतो.

केबल तोडण्याआधी

केबलवाल्याची बाकी चुकती करा. बॉक्स त्याचा असेल तर परत द्या. अनामत दिली असेल तर मागून घ्या. बॉक्स परत दिल्याची पावती घ्या. तोही बहुधा आपल्याच गावचा माणूस असतो. व्यवहार स्वच्छ ठेवला, म्हणजे उद्या तोंड चुकवावे लागत नाही.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. केबल तोडायची की नाही, हे एकट्या कर्त्या पुरुषाने ठरवू नये. तो दिवसभर शेतावर किंवा पारावर असतो. टीव्ही पाहतात त्या घरच्या बाया, म्हातारी माणसे आणि मुले. घरची बाई पहाटे उठते. पाणी भरते, भाकरी थापते, शेतावर राबते, परत येऊन चूल पेटवते. रात्री अर्धा तास ती एक मालिका पाहते. दिवसातला तेवढाच वेळ तिचा स्वतःचा असतो. तीनशे रुपये वाचवताना तो अर्धा तास जाणार असेल, तर आधी तिला विचारले पाहिजे.

म्हणून असे करा. रात्री जेवण झाल्यावर सगळे जण एकत्र बसा. प्रत्येकाने आपण काय पाहतो ते सांगावे. मुलाने किंवा मुलीने ते कागदावर लिहावे. ज्याच्या घरी छत्री आहे, अशा शेजाऱ्याकडे जाऊन त्यातले काय दिसते ते पाहावे. जे दिसते त्यापुढे खूण करावी. मग उरलेल्या गोष्टींची किंमत आपल्या घराला वर्षाला किती पडते, तो आकडा शेजारी लिहावा.

खुणा जास्त झाल्या, तर छत्री बसवा. वाचलेल्या पैशाचे काय करायचे, तेही त्याच कागदावर खाली लिहून ठेवा. आईची औषधे लिहा, मुलीची पुस्तके लिहा. लिहून ठेवले नाही, तर तो पैसा दुसऱ्या एखाद्या बारीक वाटेने निघून जाईल.