अर्ध्या मिलिसेकंदाचा निवाडा

मनोऱ्यावर किंवा इमारतीच्या गच्चीवर लावलेला 5जीचा चपटा खोका पाहिलाय? बाहेरून एक दिसत असला तरी त्याच्या आत अनेकदा 64 स्वतंत्र प्रेषक दाटीवाटीनं बसवलेले असतात. प्रत्येकाला आपली लहर केसभर आधी किंवा केसभर उशिरा सोडता येते. एवढ्या भांडवलावर हा खोका जागचा न हलता आपला आवाज हव्या त्या फोनकडे वळवतो. यालाच बीमफॉर्मिंग म्हणतात.

विहिरीत दोन खडे टाकले की तरंग जिथे उंचीवर उंची येऊन भेटतात तिथे पाणी जोरात उसळतं, आणि उंचीवर खोली आली की जागच्या जागी थांबतं. रेडिओलहरींचंही तसंच. कार्ल फर्डिनांड ब्राउन यांनी 1905 साली स्ट्रासबुर्गमध्ये तीन अँटेना त्रिकोणात उभ्या करून लहरी हव्या त्या दिशेला पाठवून दाखवल्या होत्या. चार वर्षांनी मार्कोनींबरोबर त्यांना नोबेल मिळालं.

पण जोर वाढवणं हा या खेळाचा सोपा अर्धा भाग. अवघड आणि खरा सुंदर भाग पाणी थांबवण्याचा. तुमच्या फोनपाशी 64 लहरी एकमेकींत भर घालतात, आणि त्याच लहरी शेजारच्या फोनपाशी एकमेकींना खोडून काढतात. तुमचा व्हिडिओ त्याच्या अँटेनावरून जातो, पण त्याला जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. म्हणून त्याच क्षणी, त्याच फ्रीक्वेन्सीवर, त्याला त्याचं वेगळं काही पाठवता येतं. स्पेक्ट्रम तेवढाच, पाहुणे दोन.

या कल्पनेचा एक धागा पुण्याला येऊन मिळतो. पुण्यात जन्मलेले आणि तिथल्याच सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले थॉमस कैलाथ, आणि खडकवासल्याच्या प्रबोधिनीतून भारतीय नौदलात गेलेले, तिथे पाणबुड्यांचा माग काढणारं सोनार उभारणारे आरोग्यस्वामी पॉलराज, हे दोघे स्टॅनफर्डमध्ये एकत्र आले. एकाच वेळी, एकाच फ्रीक्वेन्सीवर अनेक प्रवाह पाठवायचे आणि अनेक अँटेनांनी ते वेगळे करायचे, या विचाराचं पेटंट त्यांनी 1992 मध्ये मागितलं. 1994 मध्ये ते मिळालं.

आता मनोऱ्याला तुम्ही कुठे आहात हे कसं कळतं? कळतच नाही! त्याला तुमचा पत्ता नको असतो. तुमचा फोन मधूनमधून एक ठरलेला संकेत सोडतो. भिंतींवर, बसवर, जिन्यांवर आपटत तो 64 अँटेनांपर्यंत वेगवेगळ्या रूपांत पोचतो. मनोरा ती रूपं मोजतो आणि त्याच वाटांनी उलटा प्रवास करेल असं उत्तर जुळवतो. गर्दीच्या शहरात टॉर्चच्या झोतासारखं काही नसतंच, हे मला फार आवडतं. मात्र मोजमाप लवकर शिळं होतं. साडेतीन गिगाहर्ट्झला अर्धी तरंगलांबी साधारण 4.3 सेंटिमीटर. ताशी 60 किलोमीटरनं धावणारी लोकल हे अंतर तीन मिलिसेकंदांच्या आत ओलांडते, आणि तेवढ्यात फोनपाशी आलेल्या लहरींची जुळणी बदलून जाते.

त्यामुळे खरा पेच वेळापत्रकाचा: कुणाला कधी पाठवायचं, हे झटपट ठरवावं लागतं. 5जीचा एक स्लॉट, म्हणजे पाठवण्याची एक पाळी, या पट्ट्यात सहसा अर्ध्या मिलिसेकंदाचा असतो. वाट पाहणारे 100 फोन आहेत आणि एका वेळी आठांना सांभाळता येतं असं धरा. आठांचे गट किती? 18,608 कोटींहून जास्त. त्यातही एकाच दिशेला बसलेल्या दोघांची जोडी वाईट, कारण एकापाशी शांतता पाडायला गेलं की दुसऱ्याचा आवाजही बसतो. सगळे गट तपासणं अशक्य. म्हणून शेड्युलर नावाचा प्रोग्रॅम आधी एक चांगला फोन निवडतो, मग त्याला कमीत कमी त्रास देणारा दुसरा, मग तिसरा. सर्वोत्तम गट बहुधा हातून निसटतो, पण अर्धा मिलिसेकंद पाळला जातो. नेहमी ठणठणीत सिग्नलवाल्यांनाच घेतलं तर कोपऱ्यातला बिचारा उपाशी मरेल. म्हणून प्रत्येकाचा आत्ताचा वेग त्याच्या स्वतःच्या सरासरीशी ताडून पाहतात. दुबळ्या फोनचाही ‘बरा क्षण’ येतो, आणि तेव्हा नंबर लागतो.

शेजारचा मनोरा मात्र हे सारं बिघडवू शकतो. अरुंद बीमचा एक विचित्र दोष असा, की त्रासही अचानक येतो. क्षणापूर्वी वाट स्वच्छ होती, तेवढ्यात पलीकडच्याचा बीम दुसऱ्या कुणाकडे वळताना तुमच्यावरून गेला आणि डेटाचं पाकीट वाया. यावर एक उपाय: कोण कधी कुठे बोलणार, हे मनोऱ्यांनी आपसात ठरवायचं, आणि कधी कधी एकानं चक्क गप्प राहायचं. अशी सोय 4जीच्या मानकांतच केली गेली होती.

घरातला वाय-फाय याबाबतीत अजून रांगडा आहे. शेजारच्या राउटरांनी एकमेकांच्या उपकरणांपाशी शांतता पाडावी, ही तरतूद वाय-फाय 8 म्हणजे 802.11बीएन या मानकात आणली जात आहे. ते राउटर घरोघरी पोचेपर्यंत सोसायटीत शेजाऱ्याशी बोलून चॅनेल वेगवेगळे ठेवा.