आत्याची गोळी

आत्या भराभरा बोलायला लागली की घरातले सगळे सावध व्हायचे. रात्री अडीचला ती माळ्यावरची भांडी काढी, चिंच लावून लखलखीत घाशी आणि पहाटे शेजाऱ्यांना उठवून चहा पाजी. तीन-चार महिन्यांनी हीच आत्या भिंतीकडे तोंड करून पडलेली असे. तिची वेणीसुद्धा माझी आई घालून देई. सांगलीच्या आमच्या गल्लीत या दोन्ही अवस्थांना नावं होती. पहिलीला ‘अंगात आलंय’, दुसरीला ‘नाटकं’. तिसरं नाव, बायपोलर डिसऑर्डर, मी नववीत असताना एका डॉक्टरांनी सांगितलं आणि लिथियमची गोळी लिहून दिली. काही आठवड्यांनी आत्या पानावर बसून म्हणाली, ‘‘वहिनी, आमटीत मीठ कमी पडलंय.’’ आईनं डोळ्यांना पदर लावला.

बॅटरीतलं लिथियम माणसाला कसं सावरतं? शाळेत विचारलं तर ‘परीक्षेला नाही’ असं उत्तर मिळालं. बारावीला मेडिकलपुरते गुण पडले नाहीत, म्हणून पुण्याला बी.एस्सी.ला गेले. (बी.एस्सी.ला जाणाऱ्या मुलीकडे आपल्याकडे आजाऱ्याकडे पाहावं तसं पाहतात.) तिथल्या ग्रंथालयात मला जॉन केड भेटला. ऑस्ट्रेलियाचा मनोविकारतज्ज्ञ, दुसऱ्या महायुद्धात तीन वर्षांहून अधिक काळ जपान्यांच्या कैदेत काढलेला. यानं गिनीपिगना लिथियमचे क्षार टोचले, ते सुस्तावले. ती बहुधा विषबाधाच असावी, असं पुढे अनेकांनी म्हटलं. केडनं आधी स्वतः औषध घेऊन पाहिलं, मग रुग्णांना दिलं आणि १९४९ साली दहा उन्मादी रुग्णांची हकीगत छापली. त्याचा पहिला रुग्ण बरा होऊन कामावर गेला, औषध सोडलं, पुन्हा बिघडला, आणि १९५० साली लिथियमच्याच विषबाधेनं दगावला. उपयोगाची मात्रा आणि घातक मात्रा यांत अंतर एवढं थोडं, म्हणून रक्त तपासत राहावं लागतं. १९५४ साली डेन्मार्कच्या मोगेन्स स्कौनं रीतसर चाचणी घेऊन औषधाचा गुण दाखवला. त्याच्या सख्ख्या भावाला नैराश्याचे झटके येत. हे वाचून मला का कोण जाणे, हायसं वाटलं.

एम.एस्सी. झाली, मुंबईला पीएच.डी. सुरू झाली. काम पांढऱ्या उंदरांवर. पिल्लांना रोज तीन तास आईपासून वेगळं ठेवायचं आणि मोठेपणी ती कशी वागतात ते पाहायचं. उंदीर पाण्यात सोडला की पोहतो, मग नुसता तरंगतो. तरंगण्याचे सेकंद मोजायचे आणि त्याला ‘नैराश्यासारखं वर्तन’ म्हणायचं. त्यातला ‘सारखं’ हा शब्द मी कधी विसरले नाही, पण शोधनिबंध वाचणारे फार लवकर विसरतात.

दुसऱ्या वर्षी घरून फोन आला. आत्यानं गोळी बंद केली होती. मी पोहोचेपर्यंत तिनं दोन पाटल्या कुणाला तरी देऊन टाकल्या होत्या. सावरल्यावर तिला कारण विचारलं. ‘‘हात थरथरतात गं. रांगोळीची रेघ सरळ येत नाही.’’ डॉक्टरांनी मात्रा थोडी उतरवली, एवढंच हवं होतं. लिथियमनं हात कापतात हे मला पुस्तकातून पाठ होतं. सुट्टीला गेले की आत्याच्याच ताटलीत जेवणारी मी. तिला विचारलं मात्र नव्हतं.

लिथियम सगळ्यांना लागू पडत नाही, आणि कुणाला पडेल हे आधी कळत नाही. महिनोन् महिने घेऊन पाहावं लागतं. ते जीएसके-३ नावाच्या विकराला रोखतं हे ठाऊक आहे, पण मन स्थिरावतं ते त्यामुळेच का, यावर अजून वाद आहे. २०१५ साली अमेरिकेतल्या साल्क संस्थेनं रुग्णांच्या त्वचेच्या पेशींपासून चेतापेशी वाढवल्या. त्या अति चळवळ्या निघाल्या. लिथियम घातल्यावर शांत झाल्या त्या फक्त ज्यांना औषध लागू पडलं होतं त्यांच्याच. बंगळुरूत निम्हान्स आणि एनसीबीएस या संस्थांनीही मनोविकार असलेल्या कुटुंबांतल्या माणसांच्या पेशी अशाच वाढवल्या आहेत. पीएच.डी.नंतर मी उंदीर सोडून या वाटेला वळले ते आत्याच्या रांगोळीपायी.

गेल्या दिवाळीत तिला हे सगळं समजावून सांगत होते. ती उंबऱ्यापाशी ठिपके मांडत होती. मान वर न करता म्हणाली, ‘‘माझं रक्त चालेल का गं तुला? नाहीतरी दर तीन महिन्यांनी टोचतातच.’’