निमकोटेड युरिया खरंच हळूहळू विरघळतो का?

सोलापूर जिल्ह्यात, कर्नाटकच्या सीमेजवळ असलेल्या मैंदर्गीचा परिसर काळ्या जमिनीचा आणि कमी पावसाचा. खताच्या गोणीवर 'नीम कोटेड' लिहिलेलं असतं. त्यामुळे अनेकांना वाटतं, दाणा हळूहळू विरघळेल आणि वरून फेकला तरी नत्र वाया जाणार नाही. हा समज खिशाला महाग पडू शकतो.

मातीत काय होतं?

युरियात ४६ टक्के नत्र असतं, म्हणजे ४५ किलोच्या गोणीत सुमारे २०.७ किलो. ओल मिळताच दाणा विरघळतो. मातीतलं युरिएज हे विकर काही दिवसांत त्याचं अमोनियम बनवतं. मग जिवाणू अमोनियमचं नायट्रेट करतात.

नत्र निसटतं ते दोन वाटांनी. पहिल्या टप्प्यात अमोनिया वायू होऊन हवेत उडतं. दुसऱ्या टप्प्यानंतर नायट्रेट पाण्यासोबत मुळांच्या खाली जातं.

कडुनिंबाचं तेल काय करतं?

२०१५ मध्ये केंद्र सरकारने देशात तयार होणाऱ्या सगळ्या युरियाला कडुनिंबाचं तेल लावणं बंधनकारक केलं. हे तेल नायट्रेट बनवणाऱ्या जिवाणूंचा वेग कमी करतं, म्हणजे दुसरी वाट अरुंद करतं. पहिली वाट मात्र बरीचशी उघडीच राहते. सोलापूरकडच्या काळ्या जमिनी बहुतांशी चुनखडीयुक्त आणि विम्लधर्मी आहेत. अशा जमिनीत वर पडून राहिलेल्या युरियातून अमोनिया जास्त उडतो. ऊन असेल तर आणखी.

मग खरी सावकाश खतं कोणती?

• युरिया-फॉर्मल्डिहाइड: यात युरियाचे रेणू साखळीत जोडलेले असतात. जिवाणू ती साखळी तोडतील तसं नत्र सुटतं. माती कोरडी किंवा थंड असेल तर हे काम मंदावतं.

• आयबीडीयू: याला जिवाणू लागत नाहीत, पाण्यानेच त्याचं विघटन होतं. दाणा बारीक असेल तर लवकर.

• पॉलिमरचं आवरण असलेला युरिया: आवरणातून नत्र झिरपतं आणि तापमान वाढलं की वेग वाढतो. नत्र संपल्यावर प्लॅस्टिकचं टरफल मातीतच राहतं, हा त्याचा मोठा दोष.

• युरिया गोल्ड: गंधकाचं आवरण असलेला हा युरिया जुलै २०२३ मध्ये राजस्थानातल्या सीकर इथे सादर झाला. यात ३७ टक्के नत्र आणि १७ टक्के गंधक असतं. ४० किलोच्या गोणीत नत्र १४.८ किलोच, म्हणजे साध्या गोणीपेक्षा जवळपास ६ किलो कमी. पण ६.८ किलो गंधक जास्तीचं मिळतं.

शेतात काय करायचं?

युरिया वरून फेकून सोडू नये. वाफसा असताना तो मातीआड करावा किंवा टाकल्यावर लगेच हलकं पाणी द्यावं. सगळी मात्रा एकदम देण्याऐवजी पिकाच्या गरजेनुसार विभागून द्यावी. कोरडवाहू रब्बी ज्वारीत ओल पेरणीच्या वेळीच हाताशी असते, म्हणून तिथे खत पाभरीने बियाण्यालगत खाली पेरून देणं फायद्याचं.

थोडक्यात, कडुनिंबाचं तेल नत्राची एक वाट अडवतं. दुसरी अडवायला वर दोन बोटं माती लागते.