अस्वल मांसाहारी गणातलं, मग ते मोहाची फुलं कशी खातं?

शाळेत आपण प्राण्यांचे तीन कप्पे शिकतो : शाकाहारी, मांसाहारी आणि मिश्राहारी. कप्पे सोयीचे आहेत, पण ते समजून घेताना घोळ होतो.

‘मांसाहारी गणातला प्राणी मांसच खाणार’ हा सर्वांत पक्का बसलेला गैरसमज. ‘कार्निव्होरा’ म्हणजेच मांसाहारी गण हा वंशावरून ठरतो, आहारावरून नाही. वाघ, कोल्हा, उदमांजर, अस्वल, पांडा हे सगळे एकाच पूर्वजाचे वंशज, म्हणून एका गणात. पांडा जवळजवळ फक्त बांबूवर जगतो, पण त्याचं आतडं मांसाहाऱ्यासारखं आखूडच राहिलं आहे. बांबूचा जेमतेम पाचवा हिस्सा अंगी लागतो. म्हणून बिचारा दिवसाचा बराच वेळ खातच असतो.

आपल्या मेळघाटातलं अस्वल पाहा. लांब नखांनी ते वारूळ फोडतं, फुंकरीनं माती उडवतं आणि वाळवी जोरात ओढून घेतं. वरच्या जबड्यातले मधले दोन पुढचे दात त्याला नसतातच; ती फट यासाठीच कामी येते. उन्हाळ्यात तेच अस्वल मोहाखाली फुलं वेचतं. त्याला मिश्राहारी म्हणणंच योग्य.

‘शाकाहारी प्राणी हाडामांसाला शिवत नाहीत’ हेही खरं नाही. साळिंदर जंगलात पडलेली शिंगं, हाडं कुरतडतं, चितळही ती चघळतात. त्यातून कॅल्शियम आणि फॉस्फरस मिळतो. आहाराचं नाव मुख्य अन्नावरून पडतं, एखाद्या घासावरून नाही. गाईची गोष्ट तर याहून विलक्षण आहे. गवतातलं सेल्युलोज तिला स्वतःला पचवता येत नाही. कोटीपोटातले, म्हणजे पोटाच्या पहिल्या कप्प्यातले, सूक्ष्मजीव ते काम करतात, पुढे चौथ्या कप्प्यात गाय त्या सूक्ष्मजीवांनाच पचवते आणि तिला लागणारी बरीचशी प्रथिनं त्यांच्यातूनच येतात.

‘मांजराला दूधभात पुरतो’ हा घरोघरचा समज मात्र घातक आहे. मांजर पक्कं मांसाहारी आहे. टॉरिन हे पोषकद्रव्य त्याच्या शरीरात पुरेसं तयार होत नाही. ते मांसमच्छीतून मिळालं नाही, तर डोळ्यांचा पडदा खराब होतो, हृदयही कमकुवत होतं. शिवाय मोठ्या झालेल्या बऱ्याच मांजरांना दूध पचत नाही. घरात मांस शिजत नसेल, तर टॉरिन असलेलं तयार खाद्य पशुवैद्यांना विचारून आणा, पण दूधभातावर मांजर ठेवू नका.