ची, यिन-यांग आणि शुगरच्या गोळ्या

मागे आमच्या वस्तीतल्या विहारात मोफत आरोग्य शिबिर झाले. भिंतीवर पायाच्या तळव्याचा रंगीत तक्ता, शेजारी यिन-यांगचे काळे-पांढरे चिन्ह. शिबिर घेणारे गृहस्थ म्हणाले, "ही चीनची पाच हजार वर्षांची बौद्ध चिकित्सा आहे." बुद्धांनाच अडीच हजार वर्षे झाली, हा हिशेब कुणी केला नाही. पुढच्या आठवड्यात कळले की शेजारच्या मावशींनी शुगरच्या गोळ्या बंद केल्या. "तळव्यातला पॉइंट दाबला की शुगर उतरते गं ताई."

युवक मंडळाच्या मुलांनी मला विचारले, हे खरे की थोतांड? हे ठरवायचे तर ते वैद्यक मुळात काय म्हणते ते आधी समजून घ्यावे लागते.

त्याचा आधारग्रंथ 'ह्वांगदी नेइजिंग' साधारण इसवी सनापूर्वी दुसऱ्या-पहिल्या शतकाच्या सुमारास आकाराला आला. त्यातली पहिली कल्पना 'ची'. तिचे भाषांतर आपण 'प्राण' किंवा 'ऊर्जा' असे करतो आणि फसतो. या शब्दाच्या जुन्या चिनी अक्षरात वाफ आणि तांदूळ अशी दोन चिन्हे आहेत. श्वास, अन्नातून मिळणारे बळ, शरीरातली हालचाल, हे सगळे ची. ती ठरलेल्या मार्गांनी वाहते. मुख्य मार्ग बारा. ती अडली की दुखते, कमी पडली की माणूस गळून जातो. सुई टोचायची ती या मार्गांवरच्या बिंदूंवर.

यिन म्हणजे मूळ अर्थाने डोंगराची सावलीची बाजू आणि यांग म्हणजे उन्हाची. डोंगर एकच, ऊन सरकते तशा बाजू बदलतात. त्यामुळे यिन वाईट आणि यांग चांगले असे काही नाही. थंडी, विश्रांती, ओलावा यिनकडे. उष्णता, हालचाल, कोरडेपणा यांगकडे. तोंड लाल, तहान फार, नाडी जलद, तर वैद्य म्हणणार उष्णता वाढली. हातपाय गार, चेहरा फिकट, जुलाब पातळ, तर थंडी. म्हणून डोकेदुखीच्या दोन रोग्यांना दोन वेगळी औषधे मिळू शकतात. निदान पाहून, ऐकून-हुंगून, विचारून आणि नाडी धरून होते. जीभ तर फार बारकाईने पाहतात.

'वू शिंग' म्हणजे लाकूड, अग्नी, माती, धातू, पाणी. आपल्याला लगेच महाभूते आठवतात, पण 'शिंग' म्हणजे चालणे. हे पदार्थ कमी आणि एकातून दुसऱ्याकडे जाणारे टप्पे जास्त आहेत. लाकूड अग्नीला पोसते, अग्नीच्या राखेतून माती होते. पाणी अग्नीला आवरते. प्रत्येक टप्प्याला एक अवयव, एक ऋतू, एक भावना जोडलेली. यकृत लाकडाचे आणि क्रोधाचे.

समाजशास्त्राची विद्यार्थिनी म्हणून मला सगळ्यात रस वाटतो तो पुढच्या भागात. नेइजिंगमध्ये शरीर हे एक राज्य आहे. हृदय राजा, फुप्फुस मंत्री, यकृत सेनापती, प्लीहा आणि जठर कोठारावरचे अधिकारी. नुकतेच एकसंध झालेले साम्राज्य जसे चालायचे तसे शरीर कल्पिले गेले. (पुरुषसूक्तात उलट आहे. तिथे समाजच शरीर केला आणि आपल्याला पायाशी ठेवले.) इथला 'सेनापती' म्हणजे शवविच्छेदनात दिसणारे यकृत नव्हे, ते एका कामाचे नाव आहे. चिनी वैद्याने "यकृत बिघडले" म्हटले म्हणून काविळीची तपासणी करायला धावू नये, आणि नाही म्हटले म्हणून ती टाळूही नये.

यात बौद्ध काय आहे? पाया नाही, पण देवाणघेवाण भरपूर आहे. सातव्या शतकातले वैद्य सुन सिमियाओ चार महाभूते आणि 404 रोग ही बौद्ध मांडणी नोंदवतात, जीवकाच्या नावाने जगात औषध नसलेली वस्तूच नाही असे सांगतात आणि गरीब-श्रीमंत असा भेद न करता करुणेने उपचार करा असे बजावतात. त्याच शतकात नालंदेला शिकलेला भिक्खू इत्सिंग इथल्या वैद्यकाचे वर्णन लिहून ठेवतो, मात्र सुई आणि नाडीत चीनला तोड नाही असेही म्हणतो.

ही परंपरा अखंड, एकसारखीही चालत आली नाही. 1822 मध्ये सम्राटानेच राजवैद्यक संस्थेतून सुईचा उपचार काढून टाकला. 1929 मध्ये सरकारने जुने वैद्यक बंद करण्याचा घाट घातला आणि वैद्य रस्त्यावर उतरले. आज 'पारंपरिक चिनी वैद्यक' म्हणून जे एकसंध शास्त्र शिकवले जाते, त्याची मांडणी 1950 च्या दशकात कम्युनिस्ट राजवटीत झाली. डॉक्टर कमी होते, लोक कोट्यवधी.

आता कसोटी. चौथ्या शतकात गे होंग यांनी तापासाठी छिंगहाव वनस्पती पाण्यात भिजवून, पिळून रस प्या असे लिहिले. उकळा असे लिहिले नाही. 1971 च्या सुमारास तू योयो यांच्या ते लक्षात आले. त्यांनी कमी तापमानात अर्क काढला, उंदीर-माकडांवर तपासला, मग स्वतः घेऊन पाहिला. त्यातून मलेरियावरचे आर्टेमिसिनिन मिळाले आणि 2015 चे नोबेल. दुसरीकडे, 1990 च्या दशकात बेल्जियममध्ये वजन उतरवण्यासाठी दिलेल्या चिनी वनस्पतींतल्या ॲरिस्टोलोकिक ॲसिडने कित्येक स्त्रियांची मूत्रपिंडे निकामी झाली. वनौषधी निरुपद्रवी असते हा समज तिथे महागात पडला. सुईने जुनाट दुखण्याला काहीसा आराम पडतो, पण चाचण्यांत भलत्याच जागी टोचले तरी बराचसा तसाच आराम पडलेला दिसतो.

आणि तो तळव्याचा तक्ता? तो प्राचीन चिनी नाहीच. पायावर सगळ्या अवयवांचा नकाशा काढण्याचे काम 1930 च्या दशकात युनिस इंगहॅम या अमेरिकन बाईंनी केले.

मावशींना हे सांगितले तेव्हा त्या हसल्या. "मग अमेरिकेचा आहे म्हण की." गोळ्या पुन्हा सुरू करण्याआधी त्यांना सरकारी दवाखान्यात नेले, रक्त तपासले, डॉक्टरांनी डोस ठरवून दिला. तळवे त्या अजून दाबतात, रात्री टीव्ही पाहताना. पाय हलके वाटतात म्हणतात.